दर लेखातलं एक वाक्य

आई गेली त्या दिवशी विमानं बंद होती. मिरजेहून मामाचा फोन आला तेव्हा बाबा स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपवर शाळेचा तास लावून बसले होते. हाताला पीठ होतं म्हणून बाबांनी मला फोन घ्यायला सांगितलं. मामा म्हणाला, "रेवा, बाबांना दे." मी फोन बाबांच्या कानाशी धरला. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा "बरं" म्हणाले. मग त्यांनी हात धुतले.

उइटहॉर्न या डच गावातलं आमचं घर विमानांच्या वाटेखाली होतं. वारा एका विशिष्ट दिशेचा असला की विमानं इतक्या खालून जात, की कपाटातल्या काचेच्या बशा किणकिणत. त्यामुळे आमच्या घरात बोलण्याची एक रीत पडून गेली होती. विमान आलं की वाक्य जिथे असेल तिथे थांबायचं, विमान जाऊ द्यायचं, आणि पुढच्या शब्दापासून सुरू करायचं. पाहुण्यांना हे विचित्र वाटे. आई "अहो, दुधाचं" एवढं म्हणून छताकडे बघत थांबे, बाबा चमचा हातात धरून थांबत, आणि आवाज अलमेरकडे कुठेतरी विरला की "पातेलं उतरवा" येई. मी त्या घरात वाढले म्हणून पुढे लायडनला शांत गल्लीत राहायला आल्यावरही बोलता बोलता उगाच थांबायची. त्या वर्षी वसंतात साथ आली आणि आकाश गप्प झालं. वाक्यं अखंड बोलता येत होती, आणि बोलायला घरात दोघंच होतो.

आई जानेवारीतच मिरजेला गेली होती. आजीचं खुब्याचं हाड मोडलं होतं, मामी नोकरीवर जायची, तेव्हा दोन महिने राहून येते म्हणाली. निघताना तिने चटणीची बरणी भरून ठेवली. आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं लाल तिखट, मिरज-सांगलीकडचं. ज्वारीचं पीठ आम्स्तलव्हेनच्या दुकानातून आणून डब्यात भरलं, आणि मला म्हणाली, "बाबांचा लेख आता तू टाइप करायचास. डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत त्यांना काही दिसायचं नाही."

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मधुमेहामुळे तो लवकर आला होता. मार्चमधली तारीख मिळाली होती, पण मार्च उजाडला तेव्हा इस्पितळांनी थांबण्यासारखी सगळी कामं थांबवली आणि बाबांची तारीख पुढे गेली, कुठवर ते कुणी सांगत नव्हतं. कामावर ते फुलांच्या गाड्यांचं नियोजन करायचे. लिलावातून निघालेली फुलं कोणत्या ट्रकने, कोणत्या विमानाने, कुठे पोचवायची ते ठरवणं हे त्यांचं काम. दिसत नसल्यामुळे ते आजारपणाच्या रजेवर होते, आणि तसंही नियोजन करायला काही उरलं नव्हतं. फुलं ट्रकांतून ओतून टाकत होते.

आता लेखाबद्दल सांगायला हवं. बाबांचे शाळेतले मित्र दिनूकाका तासगावहून एक साप्ताहिक काढायचे. त्यात द्राक्षाचे भाव, वाढदिवसाच्या शुभेच्छा, ग्रामपंचायतींच्या बातम्या आणि शेवटच्या पानावर बाबांचं सदर असे. सदराचं नाव "लांबून". विषय बाबांच्या मर्जीचा, आणि बाबांची मर्जी एकाच गोष्टीवर होती, ती म्हणजे अमेरिकेचं राजकारण. सांगलीच्या कॉलेजात असताना ग्रंथालयाने रद्दीत काढलेली अमेरिकन मासिकं त्यांनी वाचली होती, आणि त्यांतल्या जुन्या विचारांच्या लेखकांनी त्यांच्या मनात घर केलं ते कायमचं. असलेलं मोडायच्या आधी ते का आहे हे विचारा, हा त्या लेखकांचा सूर होता, आणि बाबांचा स्वभावच तो होता. इथल्या राजकारणात त्यांचं मन रमत नसे. "इथे सगळे एका टेबलाशी बसून कॉफी पितात आणि थोडं थोडं देऊन उठतात. यात लिहायचं काय?" आई म्हणायची, "अहो, तुम्हाला ना तिथे मत द्यायचंय, ना त्यांच्याकडे जेवायला जायचंय. एवढा जीव कशाला टाकता?" बाबा म्हणत, "म्हणूनच नीट दिसतं, मंगल."

त्या वर्षी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती, आणि तिच्या आधी एका पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवणारी त्या पक्षातली चुरस चालू होती. एकेक राज्य मत देत जातं, आणि हरत जाणारे एकेक करून बाजूला होतात. बाबांचा पक्ष दुसरा. पण त्या बाजूला उमेदवार ठरल्यासारखाच होता, तेव्हा लिहायचं ते विरोधकांबद्दल. तासगावच्या वाचकांना परकी नावं लक्षात राहायची नाहीत म्हणून बाबांनी सगळ्यांना नावं ठेवली. बोट उगारून बोलणारे ते मास्तर. प्रत्येक प्रश्नावर आराखडा तयार असलेल्या त्या वहिनी. नीटनेटका, गोड बोलणारा, कुणाच्याही आईला आवडेल असा तो जावई. आणि गोष्ट सांगता सांगता भलत्याच गल्लीत शिरणारे, पण लोक ज्यांच्याकडे परत येत ते काका. दिनूकाका सांगत, की चहाच्या गाड्यावर लोक पैज लावतात, जावई टिकतो का काका.

बाबा सगळ्यांना एकच कसोटी लावत. बाकीचे पत्रकार विचारतात, हा निवडून आला तर काय बदलेल. बाबा विचारत, हा निवडून आला तर काय जसंच्या तसं ठेवील? "वहिनींकडे सगळ्याचा आराखडा आहे," त्यांनी एकदा सांगितलं, मी टाइप केलं, "आणि मी जन्मभर आराखडे करून पोट भरलं असल्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास नाही. फुलं आराखड्याप्रमाणे उमलत नाहीत." हे वाक्य आजही मला आवडतं. तेव्हा मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

तेव्हा मी मास्तरांच्या बाजूची होते. माझ्या वर्गातले सगळेच होते. मी बाबांना इंग्लिश लेख वाचून दाखवत असे. त्यांच्या त्या जुन्या विचारांच्या मासिकांतले लेख आता संगणकावर येत. बाबा डोळे मिटून ऐकत, मध्येच हात वर करून "थांब, ते परत वाच" म्हणत. मी वाचता वाचता भांडत असे. भांडण मी डचमध्ये करायची, बाबा मराठीत.

"मास्तर वाईट काय सांगतात?" मी विचारलं. "दवाखाना सगळ्यांना परवडावा, एवढंच ना? आपण हाउसआर्ट्सकडे, घरच्या डॉक्टरकडे, जातो तेव्हा कुठे पैसे देतो?"

"आपल्याकडे आहे. तर ते राखायचं. मी कुठे मोडा म्हणतोय?"

"मग त्यांच्याकडे का नको?"

"नको नाही म्हणालो. आधी बघा म्हणालो. पायाखाली काय आहे ते न बघता मजले चढवायचे नसतात."

"बाबा, माणसं आजारी पडतात तोवर."

"हे चांगलं बोललीस. हे मराठीत बोल, लेखात घालू."

मला ते मराठीत बोलता येत नव्हतं. मराठी मला सगळी कळायची, पण बोलायला गेलं की तोंडात शब्द येईपर्यंत माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. टाइप करतानाही अडत असे. "मखलाशी म्हणजे?" "तू आत्ता करतेस ती," बाबा म्हणत.

लेख पुरा झाला की तो आईकडे जाई. ही या घराची सगळ्यात जुनी रीत, माझ्या जन्माच्या आधीपासूनची. प्रत्येक लेखातलं एक वाक्य काढायचा हक्क आईचा होता. एकच, पण कुठलंही. कारण द्यायचं नाही, आणि बाबांनी विचारायचं नाही. लग्नानंतर इथे नवे आले तेव्हा बाबांनी पहिला लेख तिला वाचून दाखवला, आणि ती म्हणाली होती, सगळं छान आहे, एक वाक्य सोडून. ते काढलं, आणि लेख खरंच बरा झाला. तिथून रीत पडली. आई घरी असताना लेख फ्रीजला चुंबकाने लावलेला असे, ती भाजी चिरता चिरता वाचे, आणि केव्हातरी ओल्या हाताने पेन्सिल घेऊन एक रेघ मारे. मिरजेला गेल्यावर मी लेख फोनवर पाठवायची आणि तिचा आवाज यायचा, मागे आजीचा टीव्ही, "रेवू, तिसऱ्या परिच्छेदातलं ते सिंहाबिंहाचं काढ गं."

आई नेहमी बाबांचं लाडकं वाक्य काढते, हे बाबांच्या लवकरच लक्षात आलं होतं. म्हणून ते लेखात मुद्दाम एक वाक्य पेरत, अलंकार घातलेलं, आईची नजर तिथे जावी आणि खरं लाडकं वाक्य बचावावं असं. ते वाक्य सांगताना त्यांचा चेहरा बदलायचा, दूध सांडून कोपऱ्यात बसलेल्या मांजरासारखा. आईला हे माहीत होतं. कधी ती दया करून पेरलेलंच काढायची. कधी ते सोडून बरोबर दुसऱ्यावर रेघ मारायची, आणि बाबा ओट्याशी उभे राहून हसायचे. लोक एकमेकांशी प्रेमाने कसे वागतात असं मला कुणी विचारलं, तर मला ती रेघ आठवते.

एकदा मी आईला विचारलं होतं, काढायचं वाक्य कसं ओळखायचं. ती गवार मोडत होती. म्हणाली, "सोप्पं आहे. बाबा उमेदवारांबद्दल बोलता बोलता जिथे स्वतःबद्दल बोलायला लागतात ना, तिथे थांबवायचं. स्वतःबद्दल मला सांगा की. तासगावला कशाला?"

मार्चमध्ये बहुतेक सगळे बाजूला झाले. जावई गेला, वहिनी गेल्या. राहिले मास्तर आणि काका. त्या दोघांचा वादविवाद झाला तो रिकाम्या स्टुडिओत. टाळ्या नाहीत, हशा नाही. मी पडद्यावर काय दिसतं ते बाबांना सांगत होते, आणि बाबा म्हणाले, "दोन म्हातारे बंद पडलेल्या स्टेशनवर भांडतायत असं वाटतंय." त्यावर लेख झाला. मी तो आईला पाठवला. दुसऱ्या दिवशी आईने काही सांगितलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी मामाने कळवलं की तिचं डोकं फार दुखत होतं, उलट्या झाल्या, तिला दवाखान्यात नेलं आहे. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला. भारताची विमानं तोवर थांबली होती. आपण कुठून कुठे जाऊन पोचू शकतो, हे बाबांनी वकिलातीला, विमान कंपनीला, ओळखीच्या सगळ्यांना विचारलं. ज्या माणसाने जन्मभर फुलं दोन दिवसांत जगाच्या टोकाला पोचवली, त्याला मिरजेला जायची वाट सापडली नाही. ती शुद्धीवर न येता गेली.

अंत्यविधी मामाने फोनवर दाखवला. चार-पाच माणसं होती, तोंडाला रुमाल बांधलेली. बाबांना पडद्यावर नुसते रंग हलताना दिसत होते. ते म्हणाले, "रेवा, काय चाललंय ते सांग." मी सांगायला लागले आणि डचमध्ये सांगायला लागले. बाबा म्हणाले, "मराठीत सांग." त्यांनी हे रागाने म्हटलं नव्हतं. ते अगदी हळू बोलले. पण मला शब्दच नव्हते. ज्यावर आईला ठेवलं होतं त्याला काय म्हणतात, मामाच्या खांद्यावरच्या मडक्याला काय म्हणतात, तो मागे न बघता जे करत होता त्याला काय म्हणतात, यातलं काहीच मला कधी कुणी शिकवलं नव्हतं. रविवारी बाराखडी शिकवताना आईने फळं, पक्षी आणि नाती शिकवली होती. मी म्हणाले, "मामा चालतोय." मग म्हणाले, "आता थांबला." बाबा मान हलवत राहिले. मामाच्या फोनचं नेट गेलं आणि पडदा करडा झाला, तरी ते बराच वेळ तसेच मान वळवून बसले होते.

त्यानंतरचे दिवस मला क्रमाने आठवत नाहीत. दारातल्या फटीतून कार्डं आत पडत. इथे माणूस गेलं की लोक कार्ड पाठवतात. गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक आलं, ज्यांच्याशी आमचं हात हलवण्यापलीकडे बोलणं नव्हतं त्यांच्याकडूनही. मी ती बाबांना वाचून दाखवायची आणि ते प्रत्येकाला "चांगली माणसं" म्हणायचे. समोरच्या तीनेकेबाई दार वाजवून मागे फाटकापर्यंत जात आणि तिथून मोठ्याने विचारत, "जेवलात का?" उंबऱ्यावर वाटाण्याच्या सूपचं पातेलं असे. बाबांच्या एका सहकाऱ्याने न विकलेल्या ट्युलिपच्या बादल्या दाराशी आणून ठेवल्या. आमचं घर फुलांनी भरलं. बैठकीच्या खोलीत, जिन्यावर, न्हाणीघरात फुलं होती, आणि ती कुणाला वाहायची हे आम्हाला कळत नव्हतं. ती तशीच मोठी होत गेली, पाकळ्या उताण्या पडल्या. बाबा रोज पिठलं करत. दिसत नसताना पिठलंच जमतं, म्हणायचे. त्यात ते आईची चटणी घालत, चमच्याच्या टोकावर मावेल एवढीच.

आणि बाबा बोलेनासे झाले. रडले असते तर मला समजलं असतं. ते नम्रपणे गप्प झाले. मी विचारलं तर उत्तर देत, "हो," "नको," "तू घे." मी मासिकांतले लेख वाचू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "राहू दे." संगणकात तो स्टेशनवरच्या म्हाताऱ्यांचा लेख तसाच होता, रेघ न मारलेला. साप्ताहिकाचा अंक त्याच्याशिवाय निघाला, आणि पुढचाही. सोळा वर्षांच्या मुलीला तेव्हा एकाच गोष्टीची भीती वाटत होती, ती मी आज नीट सांगू शकते. आमच्या दोघांत ते उमेदवार सोडून दुसरा विषयच नव्हता. शाळेबद्दल, मैत्रिणींबद्दल, सगळं मी आईशी बोलायची. बाबांशी मी फक्त मास्तर आणि काकांवरून भांडायची. ते संपलं तर आम्ही एका घरात राहणारी दोन माणसं होणार होतो, एकमेकांना जेवण वाढणारी.

दिनूकाकांनी फोन केला. बाबांनी मला स्पीकर लावायला सांगितला.

"सुध्या, लेका, कसा हायस?"

"आहे."

"मंगलवहिनींचं लई वाईट झालं. काय बोलायचं... ते ऱ्हाऊ दे. लेख पडलाय न्हवं तुझ्याकडं? धाड की."

"तो पुरा नाही."

"पुरा न्हाई म्हंजे? रेवा म्हनली टाइप झालाय."

"मंगलने बघितलेला नाही," बाबा म्हणाले.

मग दिनूकाका म्हणाले, "बरं. पण लोक विचारत्यात बघ. गाड्यावर बसायला बंदी हाय, तरी फोन करून विचारत्यात. मास्तराचं काय झालं म्हणून."

मास्तरांचं झालं ते त्याच आठवड्यात. त्यांनी माघार घेतली. सभागृह नाही, झेंडे नाहीत. आपल्या घरातून कॅमेऱ्यासमोर बसून त्यांनी सांगितलं, की आता जिंकणं शक्य दिसत नाही. मी खोलीत एकटीच ऐकत होते आणि मला रडू आलं. मास्तरांसाठी रडते आहे असं मला वाटलं. आवाज ऐकून बाबा चाचपडत जिना चढून आले आणि दारात उभे राहिले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "नीट गेला माणूस." आणि थोड्या वेळाने, "लिहून घे."

आम्ही खाली टेबलाशी बसलो. दुपारचं ऊन होतं. बाबा सांगत गेले, मी टाइप करत गेले. लेख चांगला उतरत होता. मास्तरांचं एकही म्हणणं आपल्याला पटत नाही, असं त्यांनी आधी सांगून टाकलं. मग लिहिलं, की हरलेला माणूस मैदान कसं सोडतो त्यावर त्या देशाच्या जुन्या चालीरीती टिकून असतात, आणि मास्तरांनी बदलाची भाषा जन्मभर केली तरी जाताना एक जुनी रीत पाळली. मला ते आवडलं, आणि मी तसं म्हणालेही. बाबांनी मान डोलवली. पुढे त्यांचा चेहरा तसा झाला, सांडलेल्या दुधाचा. त्यांनी एक वाक्य सांगितलं. लोकशाही ही पौर्णिमेची रात्र असून उमेदवार तिच्यातले काजवे आहेत, असं काहीतरी होतं. पेरलेलं वाक्य. कित्येक दिवसांत तो चेहरा दिसला नव्हता. मी गालात हसले, ते त्यांना दिसलं नसावं.

त्याच्यानंतर दोन साधी वाक्यं आली, काकांबद्दल. आणि मग बाबा त्याच आवाजात, न थांबता, म्हणाले, "जे आहे ते राखावं असं मी जन्मभर लिहीत आलो. माझ्या घरात जे राखण्यासारखं होतं ते गेलं, आणि मला त्याला हातसुद्धा लावता आला नाही."

मी टाइप केलं. "हातसुद्धा" मध्ये चूक झाली ती दुरुस्त केली. पुढे एक शेवटचा परिच्छेद आला, तो आता मला आठवत नाही.

"वाच," बाबा म्हणाले. मी सगळा लेख वाचून दाखवला. ते वाक्य वाचताना माझा आवाज नीट राहिला, याचं मला नवल वाटतं. वाचून झाल्यावर बाबांनी दोन्ही हात टेबलावर पसरले. म्हणाले, "आता एक वाक्य काढ."

मी म्हणाले, "मी?"

"दुसरं कोण आहे?"

मी पडद्याकडे बघत बसले. बाबांना काय हवं होतं ते मला कळत होतं. मी काजवे काढावेत असं त्यांना वाटत होतं. काजवे त्यासाठीच होते. मग ते दुसरं वाक्य तासगावला गेलं असतं, छापलं गेलं असतं, शुभेच्छांच्या शेजारी, आणि द्राक्षबागेत कुणीतरी ते वाचून हळहळलं असतं. बाबांना ते कुणाला तरी सांगायचं होतं. त्यांना तेवढा एकच कागद माहीत होता.

मी काजवे राहू दिले. दुसरं काढलं. म्हणाले, "माझ्या घरात, तिथपासून."

बाबांनी टेबलावर पसरलेले हात जवळ ओढून घेतले.

"आणि त्याच्या आधीचं, जन्मभर वालं, ते पण त्याच्यातच येतं. ते एकच वाक्य आहे," मी म्हणाले. हे सगळं मी मराठीत बोलत होते, अडखळत, पण मराठीत. "ते मला सांगा, बाबा. तासगावला नको."

बाबांनी डोळ्यांवर हात ठेवला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात विमान आलं. प्रवाशांचं नसावं. मालाची विमानं तेव्हा अधूनमधून जात होती. कपाटातल्या बशा किणकिणल्या. बाबा सवयीने थांबले, तोंड अर्धवट उघडं ठेवून, मान थोडी वर करून. मीही थांबले. आवाज गेल्यानंतरही ते जरा वेळ तसेच होते.

मग म्हणाले, "तिला मिरज सोडायचंच नव्हतं. तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं. ऊन टेबलावरून सरकून ओट्यावर गेलं तरी ते सांगत होते. काही शब्द मला कळले नाहीत, ते मी विचारले. मध्ये तीनेकेबाईंनी दार वाजवलं आणि फाटकातून "जेवलात का?" विचारलं. बाबांनी आतूनच त्यांच्या भाषेत ओरडून सांगितलं, की अजून नाही, बोलतोय. लेख दिनूकाकांना संध्याकाळी गेला, काजव्यांसकट. दिनूकाकांनी कळवलं, काजव्याचं वाक्य लोकांना फार आवडलं. बाबा त्यावर ओट्याशी उभे राहून हसले, आणि हसता हसता तोंड फिरवून भांडी घासत राहिले.

हे सगळं मी सांगते आहे त्यावरून असं वाटू नये, की त्यानंतर घर बोलकं झालं. तसं झालं नाही. त्यानंतरही कित्येक दिवस असे गेले, की ट्युलिपच्या रिकाम्या बादल्या अंगणात पडून होत्या आणि आम्ही दोघं दोन खोल्यांत होतो. आई नसलेलं घर भरून निघत नाही, हे मी बाबांच्या वयाची झाले तेव्हा मला पटलं, आणि आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून बरीच मोठी आहे. पण दर आठवड्याला एक लेख होत असे, आणि दर लेखातलं एक वाक्य मी काढत असे. निवडणुका आल्या आणि गेल्या. उमेदवारांना नवी नावं पडली. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर बाबा स्वतः लिहायला लागले, तरी कागद फ्रीजला लागायचा. त्यांच्या मतांशी माझं शेवटपर्यंत जमलं नाही. भांडण मात्र मराठीत व्हायला लागलं.

बाबांना जाऊन हा दुसरा हिवाळा. दिनूकाका त्यांच्या आधी गेले आणि साप्ताहिक त्यांच्याबरोबर बंद झालं. उइटहॉर्नच्या घरात दुसरं कुटुंब राहतं, विमानं त्यांच्यावरून जातात. छापलेले लेख माझ्याकडे आहेत. काढलेली वाक्यं कुठेच नाहीत, एक सोडून. ते मी वर लिहिलं आहे. आईने ते राहू दिलं नसतं. आता काढणारं कुणी नाही, म्हणून ते राहिलं आहे.